चित्रं कोणती, ते मुलालाच विचारा

मुंबईच्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांचं बोलणं अनोळखी माणसाला सहज उमगत नाही. तरी एका बोटानं टाइप करत त्यांनी लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या, 'वन लिटल फिंगर' हे आत्मकथन लिहिलं. बोलण्याच्या पर्यायी साधनांचा अभ्यास डॉक्टर, इंजिनिअर करतातच. पण समोरच्यानं घाईनं आपलं वाक्य पुरं केलं की काय वाटतं, हे साधन वापरणाराच सांगणार.

आपल्या वारंगा फाट्यावर महागडं यंत्र कुठून आणायचं? पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवली तरी तक्ता होतो. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' अ‍ॅप मोफत आहे, मराठीत बोलतं. तक्त्यानं मुलाचं उरलंसुरलं बोलणं खुंटेल, ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही.

तक्ता करताना आपल्याला पाणी, जेवण, संडास एवढंच सुचतं. 'नको', 'का?', 'थांबा, माझं संपलं नाही' हेही हवं. चित्रं निवडताना मुलाला विचारा. होकाराला डोळ्यांची उघडझापही पुरते.

शाळेत तक्ता नेऊ देत नसतील, तर दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम १७ दाखवा. अशा साधनांना चालना देणं हे त्यात सरकारचं काम ठरवलं आहे.