गृहस्वयंचलनाचे दूरनियंत्रण आणि सामायिक आयपी पत्त्याची अडचण

घरातील पाण्याचा पंप वा दारावरील कॅमेरा परगावाहून हाताळता यावा म्हणून अनेक जण राउटरमध्ये पोर्ट उघडतात. तरीही संपर्क होत नाही. दोष बहुधा उपकरणाचा नसतो. आयपीव्ही४ पद्धतीतील पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. परिणामी सेवापुरवठादार अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. या योजनेस सीजीनॅट म्हणतात. तिच्यासाठी २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हे पत्ते राखून ठेवण्यात आले. राउटरच्या वॅन रकान्यात यांपैकी एखादा पत्ता दिसल्यास पोर्ट उघडण्याचा खटाटोप व्यर्थ समजावा.

घरातून बाहेर जाणारी जोडणी मात्र अडत नाही. म्हणून घरातील यंत्रानेच बाहेरील, सार्वजनिक पत्ता असलेल्या सर्व्हरशी वायरगार्डसारख्या प्रणालीद्वारे कूटबद्ध जोडणी करावी व दर २५ सेकंदांनी संकेत पाठवून ती जागी ठेवावी. आपली आज्ञा त्याच वाटेने आत येते. उत्पादकांची क्लाउड सेवाही असेच करते; परंतु तिच्यात घराची किल्ली परक्याच्या हाती राहते, हे प्रस्तुत लेखकास अधिक चिंताजनक वाटते. आयपीव्ही६ उपलब्ध असल्यास प्रत्येक उपकरणास स्वतंत्र पत्ता मिळू शकतो; तेथे फायरवॉल सैल ठेवून चालत नाही.