दर्शक शब्दांची मर्यादा : अंध स्कीपटू आणि त्याचा डोळस वाटाड्या

शिरूरच्या एस. टी. स्थानकावर एखादा अंध प्रवासी पुण्याची गाडी कोठे लागते असे विचारतो, आणि आपण सहज उत्तर देतो, ‘ती काय, तिकडे!’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ते रिकामे आहे. ‘हा’, ‘तो’, ‘इकडे’, ‘तिकडे’ या दर्शक शब्दांचा अर्थ बहुधा बोट आणि डोळा यांच्या साहाय्याने पुरा होतो. ही मर्यादा केवळ शब्दांच्या बळावर ओलांडता येते काय, हा प्रस्तुत टिपणाचा विषय असून त्यासाठी अंध स्कीपटूंच्या शर्यतीचे उदाहरण घेतले आहे.

या शर्यतीत खेळाडू पायांना लांब पट्ट्या बांधून, बर्फाच्या उतारावर रोवलेल्या काठ्यांच्या दारांतून वळणे घेत खाली येतो. वेगवान प्रकारांत हा वेग ताशी १०० किलोमीटरच्या घरात जातो. पुढे डोळस वाटाड्या धावत असतो आणि शिरस्त्राणातील ध्वनियंत्रावरून सतत बोलत असतो; खेळाडूही त्यास उत्तर देऊ शकतो. पदक दोघांनाही मिळते. २०१४ साली सोची येथे केली गॅलघर व तिची वाटाडी शार्लट एव्हन्स यांनी, तर २०२२ साली बीजिंग येथे नील सिम्पसन व त्याचा भाऊ अँड्र्यू यांनी अशी सुवर्णपदके मिळविली.

इतर खेळांतील साहाय्य निराळे असते. अंध धावपटू व त्याचा सोबती यांच्या हातांत एक आखूड दोरी असते. पोहणाऱ्यास भिंत जवळ आल्याची सूचना काठावरील सहायक लांब काठीच्या स्पर्शाने देतो. नागपूरच्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ साली मेक्सिको येथील जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, ते याच क्रीडाप्रकारात. दोरी आणि काठी स्पर्शाने बोलतात. स्कीच्या उतारावर मात्र सारा भार शब्दावर पडतो.

हा भार पेलण्यासाठी शब्दास तीन गोष्टी साधाव्या लागतात. पहिली केंद्राची. दर्शक शब्दांस वक्त्याचे ‘मी–येथे–आता’ हे केंद्र असते, असे कार्ल ब्यूलर याने १९३४ साली मांडले. वाटाड्या काही मीटर पुढे असल्यामुळे त्याचे ‘आता’ हे खेळाडूचे ‘आता’ नव्हे. त्यास स्वतःचे केंद्र सोडून श्रोत्याच्या केंद्रातून बोलावे लागते. दुसरी गोष्ट काळाची. ताशी १०० किलोमीटर वेगात एका शब्दाच्या उच्चारास पाव सेकंद लागला, तर तेवढ्यात सुमारे ७ मीटर अंतर मागे पडते. यास्तव शब्द आखूड हवा आणि वळणाच्या आधी यावयास हवा. तिसरी गोष्ट भेदाची. वाऱ्यात शब्दाचा आरंभ हरवला तरी उरलेल्या भागावरून अर्थ कळला पाहिजे.

या तिसऱ्या कसोटीवर मराठी शब्द लावून पाहावेत. ‘डावीकडे’ व ‘उजवीकडे’ यांचा ‘वीकडे’ हा उत्तरभाग एकच आहे. भेद केवळ आरंभी आहे. ‘डावे’ व ‘उजवे’ असा संक्षेप केला तरी ‘वे’ समानच उरतो. म्हणजे जे प्रथम हरवण्याचा संभव, त्यावरच अर्थ अवलंबून! मराठीतून असे मार्गदर्शन करावयाचे झाल्यास परस्परांशी ध्वनिसाम्य नसलेले दोन संकेतशब्द आधी ठरवून घ्यावे लागतील.

तथापि पहिल्या कसोटीस उतरणारा प्रयोग आपल्या भाषेत तयारच आहे. ‘तुमच्या उजव्या हाताला’ असे म्हणताना आपण श्रोत्याचे शरीर हेच केंद्र मानतो. तेव्हा स्थानकावरील त्या प्रवाशास ‘तिकडे’ न म्हणता ‘सरळ पंधरा पावले चला; मग तुमच्या उजव्या हाताला गाडी आहे’ असे सांगता येईल. त्यासाठी नवी परिभाषा नको. क्षणभर आपले केंद्र सोडण्याची तयारी तेवढी हवी.