उतारवयातील जवळीक आणि स्मरणशक्ती

विहीर, टोपी, गहू, चंद्र, खुर्ची, पाऊस, कुलूप, बैल, काच, पत्र.

हे दहा शब्द कोणाकडून तरी एकदाच, सावकाश वाचून घ्या. त्यांतले किती आठवतात ते लगेच सांगा. मग चार-पाच मिनिटे दुसरेच काही काम करा आणि पुन्हा आठवून पाहा. दुसऱ्या वेळी बहुधा एक-दोन शब्द गळालेले असतील. आता दुसरी चाचणी. ३, ६, १२, __, ४८ या मालिकेतील रिकामी जागा भरा. पहिल्या चाचणीत स्मरणशक्तीची परीक्षा होते, तर दुसरीत नव्या प्रश्नामागचा नियम शोधून काढण्याच्या क्षमतेची.

याच प्रकारच्या चाचण्या इंग्लंडमधील एका मोठ्या पाहणीत वापरल्या जातात. ५० वर्षांवरील हजारो स्त्री-पुरुषांची २००२ सालापासून साधारण दर दोन वर्षांनी माहिती घेणारी ही पाहणी आहे. आरोग्य, उत्पन्न, शिक्षण, शेजारपाजार, मनःस्थिती अशा अनेक गोष्टी तीत नोंदवल्या जातात. २०१२-१३ च्या फेरीत एक नवी प्रश्नावली जोडली गेली. ती प्रत्येकाने एकट्याने भरायची आणि पाकिटात बंद करून द्यायची होती, कारण प्रश्न कामजीवनाविषयी होते.

या दोन कागदांचा, म्हणजे शब्दांच्या चाचणीचा आणि बंद पाकिटातल्या उत्तरांचा, काही संबंध असेल का?

हा विषय शिक्षकांच्या मासिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते आणि त्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू करून १९५३ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत चालवले. लैंगिक विषयावर मराठीत शास्त्रशुद्ध बोलण्याची वाट एका गणितज्ञानेच मोकळी केली आहे. शिवाय या प्रश्नाचे उत्तर शोधताना जी विचारपद्धती लागते, ती तर वर्गात रोज उपयोगी पडणारी आहे.

पाहणीत काय आढळले?

प्रथम एक गैरसमज दूर करू. साठीनंतर कामजीवन संपते असे आपण गृहीत धरतो. अमेरिकेत ५७ ते ८५ वर्षे वयाच्या ३,००५ व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यांत ५७ ते ६४ वयोगटातील ७३ टक्के, ६५ ते ७४ वयोगटातील ५३ टक्के आणि ७५ ते ८५ वयोगटातील २६ टक्के लोकांचे कामजीवन चालू होते. म्हणजे ओहोटी आहे, पण समुद्र आटलेला नाही.

इंग्लंडच्या पाहणीतील ५० ते ८९ वर्षे वयाच्या ६,८३३ व्यक्तींची माहिती हेली राइट आणि रेबेका जेंक्स या कोव्हेंट्री विद्यापीठातील संशोधिकांनी तपासली आणि २०१६ साली निष्कर्ष मांडले. गेल्या वर्षभरात काही लैंगिक व्यवहार घडला का, एवढाच प्रश्न त्यांनी विचारात घेतला होता. त्यात केवळ समागम नव्हे, तर कुरवाळणे आणि हस्तमैथुनही धरले होते. 'होय' म्हणणाऱ्या पुरुषांचे गुण शब्दांच्या आणि आकड्यांच्या अशा दोन्ही चाचण्यांत सरस आढळले. स्त्रियांच्या बाबतीत मात्र हा फरक फक्त शब्दांच्या चाचणीत दिसला.

यावरून 'कामजीवनाने बुद्धी तल्लख होते' असे मथळे सजले. संशोधिकांनी मात्र तसे म्हटले नव्हते. त्यांना संबंध आढळला होता, कारण नव्हे.

एकत्र आढळणे आणि कारण असणे

पहिली ते सातवीच्या मुलांची उंची मोजा आणि त्यांना किती पाढे येतात ते विचारा. उंच मुलांना जास्त पाढे येतात असे दिसेल! पण म्हणून उंची वाढवण्यासाठी कोणी पाढे म्हणत नाही. दोन्हींच्या मागे वय ही तिसरी गोष्ट उभी आहे. एकाच वयाची मुले घेतली की हा संबंध बहुतेक नाहीसा होतो.

राइट आणि जेंक्स यांनीही अशा अनेक 'तिसऱ्या गोष्टी' गणिताने बाजूला काढल्या. वय, शिक्षण, सांपत्तिक स्थिती, शारीरिक हालचाल, जोडीदारासोबत राहणे, सर्वसाधारण आरोग्य, नैराश्य आणि एकटेपणा यांचा प्रभाव वजा करूनही फरक उरला. तरीही तीन शक्यता शिल्लक राहतात.

पहिली, जवळीक खरोखरच मेंदूला उपकारक असेल.

दुसरी, गाडी उलट्या दिशेने धावत असेल. स्मृतिभ्रंशाची सुरुवात निदानाच्या कित्येक वर्षे आधी झालेली असते. अनेक रुग्णांत विस्मरण ठळक होण्यापूर्वीच उत्साह मावळतो आणि माणूस अलिप्त होतो. अशा वेळी जवळीक कमी झाल्यामुळे मेंदू मंदावला असे वाटेल, प्रत्यक्षात मेंदू मंदावल्यामुळे जवळीक कमी झालेली असेल.

तिसरी, दोन्हींचे मूळ एकच असेल. रक्तवाहिन्यांचे उदाहरण घेऊ. पुरुषाच्या लिंगाला ताठरता येते ती नायट्रिक ऑक्साइड या रेणूमुळे. तो रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू सैल करतो आणि रक्ताचा ओघ वाढतो. (रक्ताभिसरणातील त्याच्या कार्याच्या शोधाबद्दल १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक दिले गेले.) मधुमेह, उच्च रक्तदाब आणि धूम्रपान यांनी ही यंत्रणा बिघडते. लिंगातील रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा अरुंद असल्याने बिघाड तेथे आधी जाणवू शकतो. मेंदूतील बारीक रक्तवाहिन्याही याच रोगांना बळी पडतात. म्हणजे कामजीवन आणि स्मरणशक्ती ही एकाच नळावरची दोन भांडी असू शकतात. नळाला पाणी कमी आले की दोन्ही रिकामी!

दोन वर्षांनंतर

ही कोंडी फोडायची तर त्याच माणसांना काही काळाने पुन्हा तपासले पाहिजे. मार्क ॲलन यांनी २०१८ साली नेमके हेच मांडले. त्यांनी इंग्लंडच्या त्याच पाहणीतील ६,०१६ व्यक्तींची २०१२ आणि २०१४ मधील स्मरणशक्ती ताडून पाहिली. वारंवार जवळीक असणाऱ्यांचे आणि त्या वेळी जोडीदाराशी भावनिक ओढ जाणवणाऱ्यांचे गुण चांगले होते. पण दोन वर्षांत स्मरणशक्तीत जी घसरण झाली, तिचा जवळिकीशी काहीच संबंध दिसला नाही.

दोन पिंपे डोळ्यांपुढे आणा. एकात पाणी जास्त, दुसऱ्यात कमी. पण दोन्ही सारख्याच वेगाने गळत आहेत. जवळीक हे गळतीवरचे औषध असते, तर पहिले पिंप हळू गळायला हवे होते.

येथेही घाई नको. दोन वर्षांचा काळ थोडा आहे. अमेरिकेतील ६२ वर्षांवरील १,६८३ व्यक्तींचा पाच वर्षांच्या अंतराने केलेला अभ्यास शॅनन शेन आणि हुई लिऊ यांनी २०२३ साली प्रसिद्ध केला. त्यात पंचाहत्तरीपुढच्या गटात वारंवारतेचा, तर त्याहून लहान गटात सुखसमाधानाचा नंतरच्या बौद्धिक क्षमतेशी संबंध दिसला. म्हणजे तरुण ज्येष्ठांत 'किती वेळा' यापेक्षा 'कसे' हे महत्त्वाचे ठरले. प्रश्न अजून मिटलेला नाही.

उंदरांवरील प्रयोग

पाहणीत माणसे आपापले आयुष्य जगत असतात. प्रयोगात मात्र गट आपण पाडू शकतो. प्रिन्स्टन विद्यापीठात एरिका ग्लास्पर आणि एलिझाबेथ गूल्ड यांनी मध्यमवयीन नर उंदरांवर असा प्रयोग केला (२०१३). मीलनाची संधी मिळालेल्या उंदरांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागात नव्या चेतापेशी जास्त तयार झाल्या. मीलन दीर्घकाळ चालू राहिल्यावर त्यांची बौद्धिक कामगिरीही सुधारली. पण मध्ये मोठा खंड पडल्यावर, नव्या पेशी असूनही, ही सुधारणा नाहीशी झाली.

हा निष्कर्ष माणसाला थेट लावता येत नाही. प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी तयार होतात की नाही, यावर २०१८ सालीच दोन गटांनी परस्परविरोधी निष्कर्ष मांडले.

स्पर्शाचे वेगळे तंतू

आतापर्यंतचे संशोधन मुख्यतः कामजीवनाविषयी होते. पण वयोवृद्धांच्या जवळिकीचा मोठा भाग साध्या स्पर्शाचा असतो.

खिशातले नाणे रुपयाचे की दोन रुपयांचे, हे बोटे ज्या चेतातंतूंनी ओळखतात, त्यांतून संदेश सेकंदाला कित्येक मीटर वेगाने धावतो. त्वचेच्या केसाळ भागात, उदाहरणार्थ हातावर आणि पाठीवर, याखेरीज आणखी एक प्रकारचे बारीक, संथ तंतू असतात. त्यांतून संदेश सेकंदाला सुमारे एक मीटर एवढ्याच वेगाने जातो. हळुवार स्पर्श सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने सरकत असेल आणि स्पर्श करणारी वस्तू त्वचेइतकी उबदार असेल, तेव्हा हे तंतू सर्वाधिक प्रतिसाद देतात. आजी नातवाच्या पाठीवरून हात फिरवते, तो वेग साधारण हाच. हे संदेश मेंदूत भावनांशी संबंधित असलेल्या इन्सुला या भागाकडे पोहोचतात. वयोमानाप्रमाणे बोटांची सूक्ष्म पारख मंदावते. हळुवार स्पर्शातला सुखदपणा मात्र कमी होत नाही, असे २०१६ च्या एका स्वीडिश अभ्यासात दिसले.

जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली १६ विवाहित स्त्रियांच्या मेंदूचे चित्रण केले. विजेचा सौम्य झटका बसणार अशी सूचना मिळताच मेंदूतील धोक्याशी संबंधित भाग जागे होत. पतीचा हात हातात असताना ही खळबळ कमी झाली, अनोळखी माणसाच्या हाताने तेवढी नाही. पतीशी नाते जितके चांगले, तितका परिणाम अधिक. या स्त्रिया वृद्ध नव्हत्या. पण स्पर्शाचा गुण केवळ त्वचेत नसून नात्यात आहे, हे त्यातून कळते.

मग हाती काय उरले?

स्मृतिभ्रंश टाळण्याचा उपाय म्हणून जवळिकीची शिफारस करण्याइतका पुरावा आज नाही. लॅन्सेट आयोगाने २०२४ साली बदलता येण्याजोगे १४ धोके सांगितले. ते सर्व दूर झाले तर सुमारे ४५ टक्के रुग्णांत स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांत बहिरेपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह, नैराश्य आणि व्यायामाचा अभाव आहे; तसेच समाजापासून तुटलेपणही आहे. भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यामुळे हे धोके आपल्याही दाराशी आहेत.

पण पुरावा अपुरा म्हणून जवळीक निरर्थक ठरत नाही. आपल्याकडे मुलाचे लग्न झाले की घरातली खोली सूनमुलाकडे जाते. आजोबांची खाट ओसरीवर येते आणि आजी नातवंडांजवळ झोपते. चाळीस वर्षांच्या सोबत्यांना हात हातात घेऊन बसायला कोपरा उरत नाही. जोडीदार गेल्यावर तर कित्येकांना सणावारी पायाला लागणाऱ्या हातांखेरीज कोणाचाच स्पर्श होत नाही. आणि डॉक्टरांकडे हा विषय कोण काढणार? अमेरिकेच्या २००७ च्या त्या पाहणीतही पन्नाशीनंतर डॉक्टरांशी याविषयी बोललेले पुरुष ३८ टक्के आणि स्त्रिया २२ टक्केच होत्या.

आजी-आजोबांना एक खोली मिळावी, यासाठी त्यांचे दहापैकी दोन शब्द अधिक आठवण्याची अट कशाला हवी? विज्ञान आपल्याला कारण आणि संबंध यांतला फरक शिकवते. कोणत्या गोष्टीला कारणाची गरजच नाही, हे मात्र आपण ओळखायचे.

आता त्या दहा शब्दांकडे पुन्हा वळा. यादी न पाहता किती आठवतात?