वाकांडा नकाशावर नाही, मग लोक नटूनथटून तिकडे का निघाले?

हा आजच्या एपिसोडचा लेखी अवतार. इअरफोन घरी विसरला असाल, तर वाचून घ्या.

१६ फेब्रुवारी २०१८ ला अमेरिकेत 'ब्लॅक पँथर' लागला. कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबं आफ्रिकन कापडाचे ठेवणीतले कपडे घालून, लेकराबाळांना घेऊन थिएटरला गेली. अगदी लग्नाला जावं तशी. एका सुपरहिरो सिनेमासाठी एवढं का?

थोडं मागे जाऊ. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांची नावं बदलली गेली, भाषा तुटल्या, आई एकीकडे आणि मूल दुसरीकडे विकलं गेलं. आपण सहज विचारतो ना, 'तुमचं मूळ गाव कुठलं?' बहुतेक आफ्रिकन-अमेरिकन माणसांना गाव सोडाच, मूळ देशही नेमका सांगता येत नाही. आणि इथे पडद्यावर वाकांडा येतो! कुणाचीच वसाहत न झालेला, तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेला आफ्रिकन देश. आहे काल्पनिक, पण हरवलेल्या गावाच्या जागी क्षणभर ठेवता येतो.

आता गंमत बघा. दिग्दर्शक रायन कूगलर कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. सिनेमातला खलनायक किलमाँगरही तिथेच वाढलेला. त्याचा सवाल साधा आहे: तुमच्याकडे एवढी ताकद होती, तर आमची माणसं जगभर भरडली जात असताना तुम्ही लपून का बसलात? राजा टी'चालाकडे याचं धड उत्तर नसतं. म्हणूनच अनेक प्रेक्षक म्हणाले, याचा मार्ग चूक, पण प्रश्न बरोबर. शेवटी राजाही वाकांडाची दारं उघडतो.

दुसरा वाद आफ्रिकेचाच. वाकांडात भाषा दक्षिण आफ्रिकेतली खोसा, अंगावर लेसोथोच्या बासोथो लोकांसारख्या घोंगड्या, गळ्यात एनडेबेले बायकांसारखी कडी. काहींना यात अभिमान दिसला. काहींनी विचारलं, ५४ देशांच्या खंडाची एकच मिसळ का करता? दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

आता थोडं टेक्निकल. सिनेमा यायच्या आधीच फेसबुकवरच्या एका ग्रुपने रॉटन टोमॅटोजवरचा प्रेक्षकांचा स्कोअर पाडायचा घाट घातला. कारण सांगितलं डिस्नेवरच्या रागाचं. फेसबुकने तो इव्हेंट काढून टाकला. पण मुळात हे शक्य कसं होतं? कारण तेव्हा तिकीट काढलंय की नाही, हे न तपासताच रेटिंग देता यायचं. म्हणजे स्कोअर 'सिनेमा कसा वाटला' हे सांगत नव्हता, 'किती जणांनी बटण दाबलं' एवढंच सांगत होता. २०१९ मध्ये साइटने तिकीट पडताळून घेतलेला स्कोअर आणला. पहिल्या वीकेंडला तर 'थिएटरबाहेर गोऱ्यांना मारहाण झाली' अशा पोस्ट फिरल्या. फोटो भलत्याच घटनांचे होते.

आणि भारतात? सिनेमातली जबारी टोळी हनुमानाचं नाव घेते. आपल्याकडे तो शब्द म्यूट झाला. तिथे सहज येऊन जाणारा शब्द इथे श्रद्धेचा असतो. प्रत्येक प्रेक्षक स्वतःचं काहीतरी घेऊनच सीटवर बसतो.

हॉलिवूडमध्ये वर्षानुवर्षं एक समज होता: कृष्णवर्णीय नायकाचा सिनेमा परदेशात चालत नाही. याने जगभरात १३० कोटी डॉलरच्या वर कमाई केली. तीन ऑस्करही मिळाले. त्यात वेशभूषेसाठी रूथ कार्टर आणि प्रॉडक्शन डिझाइनसाठी हॅना बीचलर, आपापल्या विभागात जिंकणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रिया. २०२० मध्ये नायक चॅडविक बोसमन कॅन्सरने गेला, तेव्हा लहान मुलांनी छातीवर हातांची फुली करून त्याला निरोप दिला.

एका सिनेमाने वर्णभेद संपत नाही, हे खरंच. पण पुढच्या वेळी कुणी म्हणालं, 'पिक्चरच तर आहे, एवढं काय?' तर त्याला विचारा, तुझ्यासारखा दिसणारा हिरो तू पहिल्यांदा कधी पाहिलास? ज्याला आठवावंच लागत नाही, त्याला हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!