ब्याण्णव म्हणजे निम्मे

लंब्रिजच्या किल्ल्याबाहेर उभे राहून ब्राँझच्या कुऱ्हाडीने साध्या झाडांचे चार ओंडके काढले की ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ हा खेळ तुमचे अभिनंदन करतो. वुडकटिंगची दुसरी लेव्हल! त्यासाठी ८३ एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात, एका ओंडक्याचे २५ मिळतात. एक-दोन मिनिटांचे काम. त्याच स्किलमध्ये ९८ वरून ९९ वर जायला १२,२८,८२५ एक्सपी लागतात. चढायची पायरी दोन्हीकडे एकच, पण शेवटची पायरी पहिलीपेक्षा १४,८०५ पट उंच.

हे एकदम होत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. खेळाच्या गणितात दर सात लेव्हलना लागणारा एक्सपी साधारण दुप्पट होतो. सात हा आकडा इतका बेताचा आहे की दुप्पट झाल्याचे तुमच्या लक्षातच येत नाही. कालच्यापेक्षा आज जरा जास्त वेळ लागला, एवढेच वाटते. ९९ पर्यंतचा एकूण एक्सपी १,३०,३४,४३१. आता याच्या निम्मे कुठे येतात? सरळ मनाचा माणूस म्हणेल, पन्नासच्या आसपास. पन्नासाव्या लेव्हलला तुमच्या खात्यात १,०१,३३३ असतात, म्हणजे एकूण वाटेचा पाऊण टक्का. सत्तरला पोचलात तरी पावणेसहा टक्के. पंच्याऐंशीला चौथाई. आणि ब्याण्णवाव्या लेव्हलला ६५,१७,२५३, निम्म्याहून अवघे ३७-३८ जास्त. ‘ब्याण्णव म्हणजे नव्व्याण्णवचे निम्मे’ ही या खेळातली म्हणच झाली आहे. नवशिक्यांना ती विनोद वाटते. जुने खेळाडू ती विनोदाच्या सुरात म्हणत नाहीत.

ड्रेनर नावाच्या खेड्यात, बँकेपासून चार पावलांवर, पाण्याच्या काठाने विलोची झाडे आहेत. आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचीच ही विलायती भावंडे. खेळातल्या अर्ध्या लोकांचे तारुण्य त्या झाडांखाली गेले असेल. एका विलोच्या ओंडक्याला ६७.५ एक्सपी मिळतात. सगळा प्रवास विलोवरच करायचा म्हटले तर १,९३,१०३ ओंडके लागतील. (तिसाव्या लेव्हलआधी विलो तोडता येत नाही हे मला माहीत आहे. पण तिथवरचा एक्सपी आहे फक्त १३,३६३. या हिशेबात तो चिल्लर.) त्यातले १८,२०५ ओंडके एकट्या शेवटच्या लेव्हलसाठी.

मग वेळेचा हिशेब. रुनस्केपचे जग सलग चालत नाही, ठोक्याठोक्याने चालते. एक ठोका, खेळाडूंच्या भाषेत टिक, ०.६ सेकंदाचा. मिनिटाला १००, दिवसाला १,४४,०००. तुम्ही कितीही वेगाने माउस आपटा, जग पुढच्या ठोक्यालाच हलणार. आमच्यासारख्यांना हा ठोका मोठाच उपकारक ठरला. पुण्या-नागपुरातून इंग्लंडमधल्या सर्व्हरला निरोप पोचून उत्तर यायला सेकंदाचा एखाद-दुसरा दशांश जातो. गोळ्या झाडण्याच्या खेळात तेवढ्यात माणूस मरून जातो. इथे मात्र ठोका पडायच्या आत निरोप पोचला की झाले. लंडनचा खेळाडू आणि सदाशिव पेठेतला खेळाडू एकाच क्षणी कुऱ्हाड उचलतात. झाडावरचा घाव दर चार ठोक्यांनी, म्हणजे २.४ सेकंदांनी तपासला जातो. प्रत्येक घावाला ओंडका पडलाच असे धरले, आणि तो तसा पडत नाही, तरी शेवटच्या लेव्हलला बारा तास आणि सगळ्या प्रवासाला न झोपता, न जेवता पाच दिवस नऊ तास. प्रत्यक्षात कितीतरी जास्त. आणि वुडकटिंग हे अनेक वर्षे असलेल्या २३ स्किल्सपैकी केवळ एक, तेही सोप्यांपैकी.

“संपतो कधी रे हा खेळ?” असे घरात विचारले जायचे. प्रश्न रास्त होता. उत्तर देता यायचे नाही, कारण खेळ बनवणाऱ्यांनीच ते ठरवले नव्हते.

मूळ रुनस्केप ४ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. गोवर बंधूंनी तो नॉटिंगहॅममधल्या आईवडिलांच्या घरात बनवायला घेतला, पुढे केंब्रिजमध्ये जॅगेक्स ही कंपनी उभी राहिली. जावावर चालणारा, ब्राउझरमध्ये उघडणारा, इन्स्टॉल न करावा लागणारा खेळ असल्यामुळे सायबर कॅफेच्या मालकाला न विचारता खेळता येई, ही त्याची आमच्या लेखी सर्वांत मोठी खुबी. आजवर त्यावर ३० कोटींहून अधिक खाती उघडली गेली. माणसे अर्थात तेवढी नाहीत. २५ ऑक्टोबर २०११ या एका दिवसात कंपनीने सुमारे १५ लाख बॉट, म्हणजे माणसाशिवाय आपोआप ओंडके तोडत बसणारी खाती, बंद केली, यावरून काय ते समजा. पुढे मूळ खेळ फार बदलला म्हणून लोक चिडले, तेव्हा २०१३ च्या फेब्रुवारीत मतदान झाले, जवळपास साडेचार लाख मते पडली आणि ऑगस्ट २००७ मधली जपून ठेवलेली प्रत कपाटातून काढून पुन्हा चालू करण्यात आली. तीच ही ओल्ड स्कूल आवृत्ती. साडेपाच वर्षांपूर्वीची शिळी प्रत म्हणून हसले होते सगळे. २०२५ मध्ये तिच्यावर एकाच वेळी खेळणाऱ्यांची संख्या दोन लाखांच्या वर गेली.

आता पैसा. खेळातल्या नाण्यांची एक रास जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ ची असू शकते. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. त्यावर एक नाणे टाकायला गेलात तर खेळ नाही म्हणतो. हा आकडा कोणी राजाने ठरवलेला नाही. संगणक संख्या साठवायला ३२ घरे देतो, त्यातले एक अधिक-उणे चिन्हाला जाते. उरलेल्या ३१ घरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ही. सेकंदाला एक या वेगाने नाणी मोजत बसलात तर ६८ वर्षे लागतील. थाप वाटत असेल तर थोडे थांबा: कित्येक जुने संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद याच ३१ घरांत मोजत आले आहेत आणि ती घरे १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडच्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, भरतात. यूट्यूबवर ‘गंगनम स्टाइल’ची दर्शकसंख्या २०१४ च्या डिसेंबरात याच आकड्याला जाऊन भिडली होती. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या दुसऱ्या बलाढ्य खेळात तर अनेक वर्षे माणसाची कमाल श्रीमंती सुमारे २,१४,७४८ सुवर्ण नाणी इतकी होती. शंभर ताम्रांचे एक रौप्य, शंभर रौप्यांचे एक सुवर्ण. सगळ्याचे तांबे करून बघा, जवळपास तोच आकडा. सोनेरी सिंहासनावर बसलेला प्रत्येक जादूगार शेवटी ३१ घरांच्या चाळीत राहतो.

२००१ च्या नाताळात रुनस्केपमध्ये जमिनीवर फटाके टाकण्यात आले. कोणीही उचलावेत, फोडावेत, आतून कागदी टोपी निघेल. त्या टोपीने लढाईत काडीचा उपयोग होत नाही. लोकांनी घातल्या, हरवल्या, फेकल्याही. त्या टोप्या नंतर मिळेनाशा झाल्या. मूळ खेळात पुढे त्या टोपीची किंमत नाण्यांच्या राशीच्या कमाल मर्यादेच्याही वर गेली. म्हणजे खिशात मावतील तेवढे सगळे पैसे दिले तरी पुरेनात. सौदे मग पैसे अधिक वस्तू अशा रूपात होऊ लागले. ओल्ड स्कूलने या अडचणीवर प्लॅटिनम टोकन काढले, एका टोकनात हजार नाणी. सोन्याला जागा पुरेना म्हणून हुंडी आली, इतका हा इतिहास ओळखीचा आहे.

पण या खेळातला मला सर्वांत छळणारा आकडा लहान आहे: ५१२. अ‍ॅबिसल डेमन नावाचा राक्षस मारला की ५१२ मध्ये एकदा चाबूक पडतो. आता ज्याला त्याला वाटते, ५१२ राक्षस मारले की चाबूक आपला. तसे नसते. राक्षसाला आधीचे ५११ आठवत नाहीत. हजार खेळाडूंनी प्रत्येकी ५१२ मारले तर त्यातले ३६७-३६८ जण रिकाम्या हाताने उभे असतील. दुप्पट मारल्यावर १३५. चौपट, म्हणजे २,०४८ मारल्यावरही अठरा. खेळाडू याला ‘ड्राय जाणे’ म्हणतात, आणि ते अगदी विहीर कोरडी निघाल्याच्याच सुरात म्हणतात. दहापट, ५,१२० राक्षसांनंतरही चाबूक न मिळण्याची शक्यता लाखात साडेचार. ऐकायला नगण्य. पण खेळाडू लाखांनी असतात, तेव्हा असे चार-दोन जीव प्रत्येक लाखात असणारच. कोणाच्या तरी वाट्याला ते गणिताने लिहूनच ठेवलेले आहे. ड्रॅकोनिक व्हिसेज ही वस्तू काळ्या ड्रॅगनकडून १०,००० मध्ये एकदा पडते. तिथेही प्रमाण तेच, १०,००० ड्रॅगन मारून ३६.८ टक्के लोक कोरडे. शाळेत संभाव्यता शिकवताना पिशवीतले लाल-निळे चेंडू काढायला लावतात. त्याऐवजी पोरांना आठवडाभर राक्षस मारायला लावावे असे माझे मत आहे. ‘आता तरी पडायलाच हवा’ हे वाक्य त्यानंतर ती लॉटरीच्या दुकानात म्हणणार नाहीत.

या खेळातल्या नाण्यांवर एका देशातल्या माणसांनी घर चालवले. व्हेनेझुएलाची अर्थव्यवस्था कोसळली तेव्हा तिथले अनेक तरुण हिरवे ड्रॅगन मारून त्यांची हाडे आणि कातडी खेळात विकत, जमलेली नाणी खेळाच्या नियमांविरुद्ध बाहेरच्या गिऱ्हाईकाला डॉलरमध्ये विकत आणि त्यातून किराणा आणत. खेळाच्या दृष्टीने ते चोर. श्रीमंत देशांतल्या काही खेळाडूंनी त्यांना हुडकून मारण्याची मोहीमच काढली, हा या खेळाच्या इतिहासातला मला सर्वांत ओशाळवाणा वाटणारा भाग. २०१८ च्या जुलैत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा अंदाज होता की वर्षअखेर तिथली महागाई दहा लाख टक्क्यांवर जाईल. सरकारने बोलिव्हार या चलनावरची शून्ये पुसली: २००८ मध्ये तीन, २०१८ मध्ये पाच, २०२१ मध्ये सहा. एकूण चौदा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तल्या दशगुणोत्तर संज्ञांत एकावर चौदा शून्ये म्हणजे जलधी. तेरा वर्षांत एक जलधी बोलिव्हारांचा एक बोलिव्हार झाला, आणि त्या काळात काल्पनिक जगातले काल्पनिक सोने त्याच्यापेक्षा कितीतरी भरवशाचे निघाले.

९९ झाल्यावर डोक्यावर फटाके उडतात, आसपासचे अनोळखी लोक ‘जीझी’ (म्हणजे अभिनंदन) लिहितात आणि त्या स्किलचा गुरू ९९,००० नाण्यांना एक झगा विकतो. इथे शहाणा माणूस थांबतो. पण एक्सपी थांबत नाही. तो वाढतच राहतो, २० कोटींपर्यंत, म्हणजे ९९ ला लागतो त्याच्या पंधरा पटींहून जास्त. या उरलेल्या पावणेएकोणीस कोटींबद्दल जवळजवळ काहीही मिळत नाही. लेव्हल ९९ च दिसते. फटाके नाहीत. वीस कोटीच का, तर खेळ आतून एक्सपी दशांशात मोजतो, विलोचा तो अर्धा एक्सपी लक्षात असेलच. वीस कोटींचे दशांश दोन अब्ज, आणि पुढे ती ३१ घरांची भिंत.

अनेक वर्षे असलेली ती २३ही स्किल्स वीस कोटींवर नेली तर ४६० कोटी एक्सपी होतात. तासाला सरासरी एक लाख मिळतात असे उदारपणे धरले तर ४६,००० तास. रोज आठ तास, रविवार-दिवाळी न पाळता, पावणेसोळा वर्षे. नोकरीच म्हणायची, फक्त निवृत्तिवेतन नाही. हे पुरे केलेले खेळाडू आहेत. पहिल्याने २०१८ मध्येच केले, ओल्ड स्कूल आवृत्ती सुरू होऊन पाच वर्षे झाली होती तेव्हा. रोजचे तास किती पडले असतील ते ज्याने त्याने काढावेत. २३ स्किल्सच्या काळात गुणवत्ता यादीत या सगळ्यांचा एक्सपी शेवटच्या अंकापर्यंत सारखा असे, म्हणून त्यांचा क्रम कोण आधी पोचला यावर लागे. त्यामुळे तिथे कोणी कोणाला मागे टाकू शकत नसे. वर सरकायचे तर एकच वाट होती: वरच्या कोणाचे तरी खाते नियमभंगासाठी बंद होणे.