पीतज्वर आणि त्याचा वाहक

पीतज्वर हे नाव आपल्या घरांत क्वचितच ऐकू येते, हे आपले भाग्यच म्हटले पाहिजे. हा रोग बळावला म्हणजे यकृत बिघडून डोळे व कातडी पिवळी पडते, काळ्या रक्ताच्या उलट्या होतात आणि पुष्कळ रोगी दगावतात.

१७९३ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात या साथीने सुमारे ५,००० माणसे, म्हणजे वस्तीचा जवळजवळ दहावा हिस्सा, नेली. दोष मात्र दूषित हवेला दिला गेला! हा रोग डास पसरवितो, असे क्यूबातील डॉ. कार्लोस फिन्ले यांनी १८८१ साली मांडले. पण त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या मंडळाने ते प्रयोगांनी सिद्ध केले. त्या कामी डॉ. जेसी लॅझिअर याच रोगाने प्राणास मुकले. पुढे हवानात डासांचा नायनाट होताच साथ हटली. १९३७ साली मॅक्स थाइलर यांची लस तयार झाली.

भारतात हा रोग पसरलेला नाही. परंतु त्याचा वाहक, डेंग्यू पसरविणारा तोच डास, आपल्या पिंपांत आहेच. बाहेरून एखादा रोगी आला, तर ठिणगी पडण्यास वेळ लागणार नाही. म्हणूनच रोगग्रस्त देशांतून येणाऱ्यांकडे लसीचा दाखला मागतात. तो जाच समजू नये. आपल्यापैकी कोणी आफ्रिकेतील वा दक्षिण अमेरिकेतील अशा देशी निघाल्यास निदान दहा दिवस आधी लस टोचून घ्यावी. आणि घरी राहणाऱ्या आपण सर्वांनी आठवड्यातून एकदा पिंपे कोरडी करावीत.