होडीस विजेचे यंत्र कोणते घ्यावे?

गणिताचा अथवा पदार्थविज्ञानाचा तास संपला की वही मिटावयाची आणि ते ज्ञान परीक्षेपुरतेच जवळ बाळगावयाचे, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. ती किती चुकीची आहे हे आम्हांस गेल्या वर्षी एका प्रसंगाने नव्याने कळून आले.

नववीतील एका मुलाचे वडील एके दिवशी शाळेत आले. गोदावरीवर मासेमारी करून ते कुटुंब चालवितात. खांदा दुखावल्यामुळे त्यांना वल्हे मारवेनासे झाले होते. ते म्हणाले, "गुरुजी, पोराला शाळेतून काढून होडीवर घ्यावं लागंल, नाहीतर विजेचं यंत्र तरी बसवावं लागंल. एक जण दोन हॉर्सपॉवरचं यंत्र देतो म्हणतोय. घेऊ का?" प्रश्न साधा होता, परंतु उत्तर चुकले असते तर त्यांची वर्षाची शिल्लक पाण्यात गेली असती आणि मुलाचे शिक्षणही थांबले असते. म्हणून आम्ही त्यांच्याकडून चार दिवसांची मुदत मागून घेतली. त्या चार दिवसांत विद्यार्थ्यांसह जे शिकलो ते येथे मांडीत आहोत.

विजेवर होडी चालविणे ही कल्पना नवी नाही. 1838 साली याकोबी नामक शास्त्रज्ञाने रशियातील नेवा नदीवर विद्युद्घटांच्या साहाय्याने नाव चालविली. 1881 साली त्रूवे या फ्रेंच कारागिराने पॅरिस येथे सीन नदीत तसाच प्रयोग केला. त्याचे यंत्र होडीपासून सुटे करता येत असे. पुढे 1934 साली अमेरिकेतील फार्गो गावच्या श्मिट नावाच्या गृहस्थाने मासेमारांसाठी लहान विद्युत्‌यंत्र बनविले. गळ पाण्यातून सावकाश ओढीत नेण्याच्या रीतीस तिकडे ट्रोलिंग म्हणतात. त्यावरून अशा यंत्रास 'ट्रोलिंग मोटर' हे नाव पडले. होडी वेगाने पळविण्यासाठी ते नाही, हे या नावावरूनच ध्यानात यावे.

आता पहिला प्रश्न, यंत्राची शक्ती कशी ओळखावी? या यंत्रांचे माप अश्वशक्तीत नव्हे, तर रेट्यात सांगतात. पंखा पाणी मागे लोटतो व होडीस पुढे ढकलतो, त्या ढकलण्याच्या जोरास रेटा म्हणावयाचे. तो पौंडांत लिहिलेला असतो. एक पौंड म्हणजे सुमारे 450 ग्रॅम. ठोकळ नियम असा की, भरलेल्या होडीचे जितके वजन असेल त्याच्या शेकडा दोन इतका रेटा निदान हवा. आमच्या पाहुण्यांची होडी सुमारे 120 किलो, दोन माणसे 130, जाळी व मासळी 60, बॅटरी व यंत्र मिळून 40, असे एकूण 350 किलो वजन झाले. त्याचे शेकडा दोन म्हणजे 7 किलो, अर्थात सुमारे 16 पौंड. हे झाले शांत पाण्यापुरते. समोरून वारा आला किंवा नदीस ओढ असली म्हणजे हा आकडा दुप्पट धरणे शहाणपणाचे. दुप्पट म्हणजे 31 ते 32 पौंड. म्हणून त्याहून थोडे मोठे, 40 पौंडांचे यंत्र आम्ही योग्य ठरविले.

येथे कोणी म्हणेल, 40 ऐवजी 80 पौंडांचे घेतल्यास होडी दुप्पट पळेल. तसे घडत नाही. वेग वाढला की पाण्याचा विरोध त्याहून पुष्कळ झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती सुमारे आठपट लागते. उलट वेग निम्मा केला तर आठव्या हिश्श्यानेही काम भागते. सावकाश जाणाऱ्याची बॅटरी दूरवर पुरते, ही गोष्ट मासेमाराने गाठीस बांधून ठेवावी.

दुसरा प्रश्न बॅटरीचा. विजेचा दाब व्होल्टमध्ये आणि प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. मळ्यातील टाकीची उपमा घ्यावी: टाकी जितकी उंच तितका दाब अधिक; नळातून दर घटकेस जाणारे पाणी म्हणजे प्रवाह; आणि टाकीत मावणारे पाणी म्हणजे अँपिअर-तास. सुमारे 55 पौंडांपर्यंतची यंत्रे 12 व्होल्टच्या एका बॅटरीवर चालतात. त्याहून मोठ्यांस 24 किंवा 36 व्होल्ट लागतात, म्हणजे सामान्यतः दोन अथवा तीन बॅटऱ्या आल्या, आणि तितके वजन व खर्चही आला.

40 पौंडांचे यंत्र पूर्ण जोराने चालविल्यास सुमारे 40 अँपिअर प्रवाह ओढते. 12 गुणिले 40 म्हणजे 480 वॅट. एक अश्वशक्ती 746 वॅटची असते. तेव्हा दोन अश्वशक्तीचे यंत्र 12 व्होल्टवर चालावयाचे तर त्यास सुमारे 125 अँपिअर लागतील! पाहुण्यांना दाखविलेल्या यंत्राची तार पेन्सिलीतील शिशाइतकी बारीक होती. एवढा प्रवाह त्या तारेने वाहिला असता तर ती क्षणात तापून जळाली असती. आमच्या दहावीच्या मुलांनी हा हिशेब फळ्यावर करून दाखविला, तेव्हा पाहुणे बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिले.

मोटारगाडीची बॅटरी या कामी घेऊ नये. ती इंजिन सुरू करण्यापुरता मोठा प्रवाह क्षणभर देण्यासाठी असते; वारंवार खोलवर रिकामी केली तर लौकर निकामी होते. घरोघरी इन्व्हर्टरला लावतात तशी, दीर्घकाळ प्रवाह देणारी बॅटरी हवी. तथापि तिच्यात पातळ आम्ल असते व होडी कलल्यास ते सांडू शकते. म्हणून बंदिस्त प्रकारची बरी. शिशाची बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे ती टिकते. त्या हिशेबाने 100 अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण जोरावर सुमारे एक तास, आणि 10 अँपिअर ओढणाऱ्या मंद गतीवर सुमारे पाच तास पुरेल. लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी वजनाने निम्म्याहून हलकी असते आणि तिचा शेकडा ऐंशी भाग वापरता येतो. मात्र प्रथम किंमत अधिक पडते. बॅटरीलगत सुमारे 50 अँपिअरचा कटआउट आणि निदान 10 चौरस मिलीमीटरची तांब्याची तार असावी. पंख्यात जाळे गुंतून यंत्र अडले तर हा कटआउटच आग वाचवितो. शिशाची बॅटरी भारित करताना ज्वालाग्राही वायू निघतो. तेव्हा ती उघड्या हवेत, चुलीपासून दूर ठेवावी.

तिसरा प्रश्न यंत्राच्या ठेवणीचा. लहान होडीस मागच्या फळीवर पकडीने बसणारे यंत्र सोपे व स्वस्त. त्याची दांडी इतकी लांब असावी की पंखा पाण्याखाली सुमारे एक वीतभर तरी बुडून राहील. वर राहिल्यास हवा ओढून नुसता घुरघुरतो. आपल्याकडील पाणी गाळाने उथळ झालेले व जलपर्णीने भरलेले असते. म्हणून दांडी झटकन वर उचलता यावी, आणि पात्यांवर गवत न अडकणारा पंखा असावा. पाच ठरीव गतींच्या जुन्या रीतीच्या यंत्रात मंद गतीवर पुष्कळ वीज उष्णतेत वाया जाते. गती हवी तशी कमीअधिक करणाऱ्या नव्या यंत्रात ती वाचते.

परंतु विक्रेत्याचा शब्द खरा की खोटा हे कसे पाहावे? आमच्या लासलगाव-विंचूर भागात कांद्याची गोणी तोलण्याचा स्प्रिंगचा काटा पुष्कळांच्या घरी असतो. तो घेऊन आम्ही विद्यार्थ्यांसह गोदाकाठी, अभयारण्याच्या हद्दीबाहेरील एका घाटावर गेलो. प्रथम भरलेली होडी दोरीने काठाकाठाने चालण्याच्या गतीने ओढली. काट्याने सुमारे 4 किलो दाखविले. नंतर पाहण्यासाठी दिलेले ते 'दोन अश्वशक्तीचे' यंत्र होडीस लावले, होडी काठावरील बाभळीस काट्यामधून बांधली आणि पूर्ण जोर दिला. काटा 9 किलोंवर थांबला. म्हणजे रेटा अवघा 20 पौंड! 40 पौंडांच्या यंत्राने 18 किलो दाखविले पाहिजेत. यंत्र विक्रेत्याकडे परत गेले, शिल्लक वाचली.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानी घ्यावी. विंचुराच्या नैऋत्येस गोदावरी व कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वराचा बंधारा आहे. त्याच्या पाणथळीस 1986 साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि जानेवारी 2020 मध्ये ती महाराष्ट्रातील पहिली रामसर जागा म्हणून जाहीर झाली. हिवाळ्यात तेथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे पाहुणे दुरून येतात. विजेचे यंत्र धूर करीत नाही, पाण्यावर तेलाचा तवंग सोडीत नाही, आवाजही थोडाच करते. तरीही ते घेऊन वनखात्याच्या परवानगीवाचून अभयारण्यात शिरणे योग्य नव्हे. यांत्रिक नौकांसाठी 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदाही आहे. आपल्या पाण्यास कोणते नियम लागू आहेत, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी.

यंत्र असले तरी होडीत वल्ही ठेवावीत आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे. बॅटरी भर पाण्यात संपली तर हिशेबाची वही तीरास नेत नाही!

पाहुण्यांनी पुढे 40 पौंडांचे यंत्र, काट्यावर स्वतः रेटा मोजूनच, विकत घेतले. ते दुखऱ्या खांद्यानेही पहाटे एकटे जाळी टाकून येतात. त्यांचा मुलगा यंदा दहावीत आहे. विद्युत्‌शक्तीच्या धड्यावर प्रश्न विचारला की त्याचा हात सर्वांआधी वर जातो. विद्यार्थ्यांनो, वहीतील गुणाकार असा घरच्या होडीस लावून पाहा. आणि पालकहो, मोठी खरेदी करण्यापूर्वी आपल्या मुलांस एकदा हिशेब करावयास सांगा.